बोअर घेण्याआधी जमिनीला दोन प्रश्न विचारू या



उन्हाळा लागला की आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. कुणी हातावर नारळ धरून पाणी दाखवतो, कुणी मशीन आणतो. मग मुलं हमखास विचारतात, "मशीनला जमिनीतलं पाणी दिसतं कसं?"

पहिला प्रश्न : पाणी आहे का?
मशीनला पाणी दिसत नाही, ते जमिनीचा विजेला होणारा रोध मोजतं. एका सरळ रेषेत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात आणि आतल्या दोन सळयांमधलं व्होल्टेज मोजतात. त्यावरून जमिनीची रोधकता ओहम-मीटरमध्ये काढतात. बाहेरच्या सळया जितक्या दूर, तितकी खोलवरची माहिती मिळते.

आपल्याकडचा खडक बेसॉल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. अखंड कातळाची रोधकता जास्त असते, त्यात पाणी जवळपास मावत नाही. झिजलेल्या, भेगाळ खडकात पाणी साठलं की रोधकता कमी होते.

पण इथेच फसगत होते! चिकणमातीची रोधकताही कमीच असते. खारट किंवा सांडपाणी मिसळलेल्या पाण्याची तर आणखी कमी.

दुसरा प्रश्न : पाणी सुरक्षित राहील का?
वरच्या थराची जाडी भागिले रोधकता करा. उदाहरणार्थ, ४ मीटर चिकणमाती, रोधकता १० : उत्तर ०.४. तेवढाच मुरूम, रोधकता ४० : उत्तर ०.१. उत्तर मोठं, तर घाण खाली झिरपायला अडसर मोठा. म्हणून शोषखड्ड्याजवळ किंवा सांडपाणी वाहणाऱ्या खाम नदीसारख्या प्रवाहाकाठी, पातळ मुरमाखाली भेगाळ खडक असेल तर तिथे भरपूर पाणी लागूनही धोका असतो.

वर्गात करून पाहा
तीन वाट्यांत कोरडी वाळू, साध्या पाण्याने भिजवलेली वाळू आणि मिठाच्या पाण्याने भिजवलेली वाळू घ्या. ९ व्होल्टची बॅटरी, रोधक जोडलेला लाल एलईडी आणि दोन खिळे वापरा. खिळे एकमेकांना टेकू देऊ नका. घरातली वीज मात्र अजिबात वापरायची नाही! सगळ्यात लख्ख दिवा मिठाच्या वाटीत लागेल. मग मुलांना विचारा, "हे पाणी प्याल का?"

पालकहो, बोअरसाठी पैसे मोजण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. आणि पाणी लागलं, तरी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ते मुलांना प्यायला देऊ नका.