निसर्गाचा चित्रगुप्त

मी मुख्याध्यापक असतानाची गोष्ट. पौष महिन्यातील एका रविवारी सातवीच्या मुलांना घेऊन मी कामठीजवळ कन्हान नदीच्या काठी गेलो होतो. धुके नुकतेच विरले होते. वाळूवर कोवळे ऊन पसरले होते. एक वृद्ध ढिवर खांद्यावरचे जाळे उतरवीत होता, आणि त्याच्या माथ्यावर दोन घारी संथपणे घिरट्या घालीत होत्या. एकाएकी त्यांतील एक घार खाली झेपावली, तिचे पाय पाण्याला लागले न लागले तोच ती वर उठली, आणि तिच्या नख्यांत एक मासा चांदीसारखा तळपू लागला.

वाळूवर घारीचे एक तपकिरी पीस पडले होते. माधवने ते उचलले व तो ते वहीत ठेवू लागला. मी म्हणालो, "माधव, ते पीस जेथे होते तेथेच ठेव. वन्य पक्ष्यांची पिसे गोळा करावयाची तर अभ्यासकांनाही वनखात्याची अनुमती घ्यावी लागते. परंतु ठेवण्यापूर्वी ते नीट पाहून घे. तुझ्या हाती चित्रगुप्ताच्या वहीचे एक पान आले आहे."

मुले हसू लागली. कुसुम म्हणाली, "गुरुजी, चित्रगुप्त माणसांच्या पापपुण्याचा हिशेब लिहितो. ही घार काय लिहिणार?"

"आपण नदीत काय टाकतो, ते ती लिहिते," मी उत्तरलो. मुले माझ्याभोवती वाळूवर बसली, आणि मी त्यांना जे सांगितले तेच येथे लिहीत आहे.

पारा, शिसे व कॅडमियम यांना जड धातू म्हणतात. कारखान्यांचे सांडपाणी, खाणी आणि दगडी कोळसा यांच्या वाटे हे धातू हवेत, मातीत व पाण्यात उतरतात. पालापाचोळा कुजतो, कागद गळून जातो. परंतु धातू नष्ट होत नाही. तो केवळ आपली जागा बदलतो.

नदीच्या तळच्या चिखलातील सूक्ष्म जंतू पाऱ्याचे मिथिल पारा नावाच्या विषात रूपांतर करतात. ते विष प्रथम शेवाळात शिरते. शेवाळ खाणाऱ्या बारीक किड्यांत ते त्याहून अधिक साचते. असे शेकडो किडे एक लहान मासा खातो, असे अनेक लहान मासे एक मोठा मासा गिळतो, आणि मोठ्या माशांवर घार किंवा पाणमांजर आपली उपजीविका करते. खाल्लेले अन्न पचून जाते. विष मात्र बहुतांशी अंगातच राहते. म्हणून अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. काही मोठ्या शिकारी माशांच्या शरीरात पाऱ्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या मानाने दहा लाख पटींहूनही अधिक आढळते. शिसे व कॅडमियम यांची रीत निराळी आहे. ते पायरीपायरीने असे वाढत जात नाहीत. पण शिसे हाडांत आणि कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचून राहते.

"पण गुरुजी," माधव म्हणाला, "नदीचे पाणी बाटलीत भरून तपासले तर चालणार नाही का?"

प्रश्न योग्य होता. पाणी तपासावेच; परंतु बाटलीतले पाणी केवळ त्या दिवसाची साक्ष देते. आज सोडलेले सांडपाणी उद्या वाहून जाते. पक्ष्याचे पीस काही आठवडे वाढत असते. त्या काळात रक्तातील पारा पिसात उतरतो. पीस पुरते वाढले की त्याचा रक्ताशी असलेला संबंध तुटतो, आणि आत उतरलेला पारा तेथेच कोंडला जातो. प्रयोगशाळेत असे पीस धुऊन, आम्लात विरघळवून त्यातील धातू मोजता येतो. पक्ष्याला मारावे लागत नाही, दुखवावेही लागत नाही.

या वहीची पाने फार जुनी असली तरी वाचता येतात. स्वीडन देशात १९४० नंतर बियाण्याला कीड लागू नये म्हणून पाऱ्याचे औषध चोळीत असत. ते दाणे खाऊन पाखरे मेली, आणि ती पाखरे खाऊन बाज व घुबडे मरू लागली. तेव्हा शास्त्रज्ञांनी संग्रहालयांतील सुमारे शंभर वर्षांची जुनी पिसे काढून तपासली. १९४० पर्यंतच्या पिसांत पारा अल्प होता. त्यानंतरच्या पिसांत तो अनेक पटींनी वाढलेला होता. १९६६ मध्ये त्या औषधावर बंदी आली, आणि पुढे बाजांच्या पिसांतील पाराही घटू लागला. पाप लिहिणाऱ्या लेखणीने प्रायश्चित्तही लिहून ठेवले!

परंतु वही लिहिली जाते आणि कोणी वाचीत नाही, असेही घडते. जपानमध्ये मिनामाता नावाचा उपसागर आहे. तेथील एका कारखान्याचे पाऱ्याचे सांडपाणी समुद्रात जात असे. १९५० नंतरच्या वर्षांत त्या किनाऱ्यावरील मांजरे वेड्यासारखी नाचू लागली, झटके येऊन पाण्यात पडू लागली. ती मासे खाऊन जगणारी मांजरे होती. पुढे १९५६ मध्ये तोच आजार माणसांत आढळून आला. १९५९ मध्ये कारखान्याच्याच डॉक्टरांनी एका मांजराला अन्नातून ते सांडपाणी देऊन पाहिले. तेही त्याच आजाराने पडले. ही गोष्ट दडपण्यात आली, आणि सांडपाणी १९६८ पर्यंत समुद्रात जातच राहिले. तेथील दोन हजारांहून अधिक माणसांना सरकारने या विषबाधेचे रोगी म्हणून मान्यता दिली आहे.

आपल्या देशानेही असा एक इशारा पाहिला आहे. १९९० नंतर भारतातील गिधाडांच्या तीन जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. त्यांचा घात धातूने नव्हे, तर गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक नावाच्या औषधाने केला. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले व २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. विष निराळे, पण बोध तोच: साखळीच्या टोकाशी बसलेला प्राणी आपल्या चुकीचा भार सर्वांआधी उचलतो.

इतके सांगून मी मुलांना नदीच्या वरच्या अंगाला दिसणारा धूर दाखविला. कोराडी व खापरखेडा येथे कोळशावर वीज तयार होते. आपल्या घरातील दिवे त्याच विजेवर जळतात. आपल्या देशातील कोळशात राखेचा अंश मोठा असतो, आणि त्या राखेत पारा, शिसे, आर्सेनिक यांचे अल्प अंश असतात. ही राख पाण्याबरोबर वाहून मोठ्या तलावांत साठवतात. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने कोराडीच्या खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटला व राखेचे पाणी शेतांत पसरले. यावरून कन्हानचा प्रत्येक मासा विषारी आहे, असे कोणी समजू नये. परंतु वेळोवेळी तपासून पाहणे हे आपले कर्तव्य आहे. आपल्या नागपुरात १९५८ पासून पर्यावरणाच्या संशोधनाची एक राष्ट्रीय संस्था आहे. पाण्यातील दोष कसे मोजावेत, हे शिकण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही.

मात्र एका पिसावरून निवाडा करू नये. घार दूरवर भटकते. तिने मासा कोठे धरला हे कोण सांगणार? यासाठी अभ्यासक घरट्यातील पिलांची पिसे अधिक विश्वसनीय मानतात; कारण पिलांचे अन्न जवळपासच्या परिसरातूनच आलेले असते. शिवाय अनेक घरट्यांतील पिसे अनेक वर्षे तपासावी लागतात. एक साक्षीदार चुकेल. पुष्कळांची साक्ष जुळली की ती नाकारता येत नाही.

तो वृद्ध ढिवर आमचे बोलणे ऐकत होता. जाळे झाडता झाडता तो म्हणाला, "गुरुजी, घार जेथं उतरते, तेथंच आमी जाळं टाकतो. आमचं अन् तिचं ताट एकच हाय."

मुले एकदम गप्प झाली. मी तासभर जे सांगत होतो ते त्याने दोन वाक्यांत सांगितले होते. कुसुमने हळूच विचारले, "मग गुरुजी, घारीच्या वहीत आपलाही हिशेब असतो का?"

"असतो," मी म्हणालो. "तो वेळेवर वाचणे आपल्या हाती आहे."

माधव उठला, आणि त्याने ते पीस जपून पुन्हा वाळूवर ठेवले.

शब्दार्थ

ढिवर – मासे धरणारा, कोळी. उपजीविका – पोट भरण्याचे साधन. आम्ल – ज्यात धातूही विरघळू शकतो असा आंबट, दाहक द्रव. प्रायश्चित्त – चूक सुधारण्यासाठी केलेली कृती. निवाडा – निर्णय.

स्वाध्याय

१. शेवाळापासून घारीपर्यंत पाऱ्याचे प्रमाण कसे वाढत जाते?
२. पाण्याच्या साक्षीपेक्षा पिसाची साक्ष अधिक काळाची का असते?
३. स्वीडन व मिनामाता येथील घटनांत कोणता फरक आहे?
४. 'आमचं अन् तिचं ताट एकच हाय' या उद्गाराचा आशय स्पष्ट करा.
५. तुमच्या गावाजवळील नदी किंवा तलावावर मासे खाणारे कोणते प्राणी व पक्षी दिसतात? दुरून निरीक्षण करून त्यांची यादी करा.