शेवटचा गोल

२६ मे १९८९ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा अखेरचा सामना लिव्हरपूल येथे झाला. लिव्हरपूलचे गुण ७६, तर लंडनच्या आर्सेनलचे ७३ होते. विजयास गुण तीन. तथापि विजेतेपदासाठी आर्सेनलला दोन गोलांनी जिंकणे आवश्यक होते. ‘एका गोलाने हरलो तरी विजेतेपद आपलेच!’ हा लिव्हरपूलच्या चाहत्यांचा हिशेब मुळीच चुकीचा नव्हता.

सुमारे दीड महिन्यापूर्वी हिल्सबरोच्या मैदानावरील चेंगराचेंगरीत त्यांचे कित्येक सोबती मृत्युमुखी पडले होते. म्हणून खेळापूर्वी आर्सेनलच्या खेळाडूंनी त्यांना पुष्पगुच्छ अर्पण केले.

उत्तरार्धात आर्सेनलने एक गोल केला. खेळ संपता संपता मायकेल टॉमसने दुसरा केला! गुण समान, गोलांतील अंतरही समान. परंतु एकूण गोलांत आर्सेनल ७३, लिव्हरपूल ६५. लिव्हरपूलचे अनेक चाहते जागीच थांबले आणि त्यांनी विजेत्यांसाठी टाळ्या वाजविल्या.