धनुष्यासाठी बांबू: निवड आणि सुकवण

शिक्षक-पालक मित्रहो, लवचिकता शिकवायचीय ना? मग मुलांकडून एक कामठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, करून घ्या. सातपुड्यातल्या भिल्लांचं हे जुनं हत्यार. आपला मेळघाटही सातपुड्यातलाच, पण व्याघ्रप्रकल्पातून काडीही तोडू नका. 2017 पासून वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने ‘झाड’ राहिलेला नाही. तो शेतकऱ्याकडून किंवा अमरावती-अकोल्यातल्या बुरूड कारागिरांकडून घ्या.

कोवळा बांबू सुकताना आक्रसतो. तीन-चार वर्षांचा, जाड भिंतीचा बघा. हिवाळ्यात तोडलेला असेल तर उत्तम. तेव्हा त्यात पिष्ट कमी, म्हणून भुंगाही कमी लागतो.

घाई नडते ती सुकवताना. वऱ्हाडातलं ऊन काय असतं, सांगायला नको! उन्हात टाकला की बांबू तडकलाच. फाडलेली पट्टी सावलीत, वारा लागेल अशी, जमिनीपासून वर ठेवा. दर सोमवारी मुलांना तिचं वजन करू द्या, फळ्यावर तक्ता मांडा. 600 ग्रॅमची पट्टी 420 वर आली, तर किती टक्के पाणी उडालं? (30 टक्के, पण मुलांनाच काढू द्या.) तीन आठवडे वजन हललं नाही की पट्टी तयार.

तासायचं फक्त आतल्या बाजूने. साल बाहेर, निशाण्याकडे ठेवायची. वाकवल्यावर ताण तिथेच येतो आणि घट्ट तंतूही सालीलगतच असतात.

बाणाच्या टोकाला कापडाची गुंडी बांधा. आणि पोरांना बजावा, बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाणाला मिळायचा तो जोर उलटा धनुष्यात जातो, न् ते मोडतं.