दमेकऱ्याचे मन

हिवाळा लागला म्हणजे नागपूर जिल्ह्यातील बहुतेक प्रत्येक खेड्यात कोणी तरी खोकणारा मनुष्य ओसरीवर शेकत बसलेला दृष्टीस पडतो. त्याची विचारपूस करणारे पुष्कळ असतात. परंतु ती विचारपूस खोकल्याची, कफाची व तापाची असते. तुझे मन कसे आहे, असे त्यास कोणी पुसत नाही. आम्ही आज त्या न पुसलेल्या प्रश्नाविषयीच लिहीत आहो. फुप्फुसांचा जुना रोग व मनाची खिन्नता ही दोन दुखणी एकमेकांस पोसतात, आणि एकाकडे दुर्लक्ष केले असता दुसऱ्यावरचा औषधोपचारही पुष्कळदा वाया जातो.

लोक ज्यास सरसकट दमा म्हणतात त्यात निरनिराळे रोग मोडतात. खरा दमा बहुधा येतो व जातो. दुसरा एक रोग, ज्यास डॉक्टर सीओपीडी म्हणतात, तो हळूहळू वाढतच जातो व त्यात श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होतात. विडी हे त्याचे मोठे कारण खरे. तथापि जिने जन्मात विडीस हात लाविला नाही अशा बाईसही तो जडतो, कारण पऱ्हाट्यांच्या व गोवऱ्यांच्या धुरात तीस-चाळीस वर्षे चुलीपुढे बसणे त्यास पुरे होते. शिवाय आपल्या जिल्ह्यात कामठी, उमरेड व सावनेर या भागांत कोळशाच्या, आणि मनसर व कांद्री येथे मँगनीजच्या खाणी आहेत. तेथील व गिट्टीच्या खदानींतील धूळ मजुरांच्या छातीस अपाय करू शकते. क्षय औषधाने बरा झाल्यावरही कित्येकांची फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत.

आता श्वास आणि भय यांचा संबंध पाहावा. ज्यास दम लागतो त्यास आपण गुदमरून मरणार असे वाटते, आणि मनुष्य भ्याला म्हणजे त्याचा श्वास जलद होतो. निरोग्याचे त्याने फारसे बिघडत नाही. परंतु अरुंद नळ्यांतून हवा बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो. ती पुरती बाहेर पडली नाही तोच रोगी नवी हवा आत ओढू पाहतो. लोहाराचा भाता पुरता दाबला नाही तर पुढच्या खेपेस त्यात वारा मावत नाही, तशीच या छातीची गत होते. दम वाढतो, दमाने भय वाढते, भयाने पुन्हा दम.

दुसरा फेरा याहून सावकाश चालतो व तो घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. दम लागतो म्हणून रोगी चालणे टाकतो. चालणे टाकिल्याने पायांतील बळ जाते, आणि बळ गेल्याने विहिरीपर्यंत जाण्यासही अधिक दम लागू लागतो. मग आठवड्याचा बाजार सुटतो, लग्नकार्य सुटते, शेजाऱ्याची ओसरी सुटते. काल कमावणारा आज आपण सर्वांस भार झालो असे मानू लागतो. झोप व अन्न यांवरून त्याचे मन उडते, औषध घेण्याचा कंटाळा येतो, आणि सोडलेली विडी पुन्हा हाती येते. अशा रोग्यांत खिन्नता व चिंता इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतात, आणि ज्यांस ती जडतात त्यांस इस्पितळाची वाट अधिक वेळा धरावी लागते.

तो आळशी झाला, किंवा त्याची श्रद्धा उणी पडली, असे म्हणणारे लोक आमच्या मंडळ्यांतही आहेत. ज्याच्या छातीत हवा मावत नाही त्यास धीर धर एवढेच सांगून उठून येणे, यास आम्ही सांत्वन म्हणत नाही.

क्षयाविषयी थोडे निराळे सांगणे आहे. प्रसिद्ध नाटककार राम गणेश गडकरी यांचा अंत २३ जानेवारी १९१९ रोजी वर सांगितलेल्या सावनेर येथेच क्षयाने झाला. त्यांचे वय अवघे तेहेतीस वर्षांचे होते. त्या काळी क्षयावर गुणकारी औषध नव्हते. आज बहुतेक क्षयरोगी सुमारे सहा महिने नियमित औषध घेऊन बरे होतात. पण रोगाचे नाव घेण्याची लाज मात्र गेली नाही. लाजेने खोकला लपविला जातो, खिन्नतेने गोळ्या मध्येच सुटतात, व मग साध्या औषधांस न जुमानणारा क्षय उद्भवण्याची भीती असते. अशा क्षयावरील सायक्लोसेरीन नामक औषधाने कोणाकोणास खिन्नता, भ्रम, किंबहुना आत्महत्येचे विचारही येतात. म्हणून तसे औषध चालू असता रोग्याचे बोलणेचालणे पालटले तर ते त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. गोळ्या आपल्याच मनाने बंद करू नयेत.

रोग्याच्या भेटीस जाणाऱ्याने दोन प्रश्न अवश्य पुसावे: गेल्या पंधरवड्यात मन उदास असते काय, आणि पूर्वी गोड वाटणारी कामे आता नकोशी झाली काय? जगणे नको असे वाटते काय, हेही पुसण्यास भिऊ नये. पुसल्याने तो विचार मनात उत्पन्न होत नाही. दम लागता नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करितो तसे ओठ करून तो हळूहळू सोडण्यास शिकवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे थोडे चालवावे, व आपणही त्याच्या संगतीने चालावे. अशा शिस्तवार व्यायामाने दम व खिन्नता दोन्ही उणावतात.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. त्याच्या नावाने लोक अजूनही दचकतात. परंतु खिन्नतेच्या उपचारास तेथेच गेले पाहिजे असे नाही. ज्यास आपण नुसते ‘मेडिकल’ म्हणतो त्या सरकारी इस्पितळात छातीचे व मनाचे असे दोन्ही डॉक्टर भेटतात. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट बोलता येते.

झोप येत नाही म्हणून दमेकऱ्यास दुकानातून झोपेची गोळी आणून देऊ नये, अफूही देऊ नये. त्यांनी श्वास मंदावतो. आणि असा रोगी एकाएकी असंबद्ध बोलू लागला, गुंगू लागला किंवा त्याचे ओठ निळसर झाले, तर ते मनाचे दुखणे समजून सकाळची वाट पाहत बसू नये. तत्काळ १०८ ची गाडी बोलवावी.