मामांचा रिपोर्ट आणि एस.जी.पी.टी.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठी लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब, तेव्हा सांभाळून घ्या. विषय सिलॅबसच्या बाहेरचा आहे, पण त्यात मशीन आणि मीटर आहे, म्हणून आपलाच समजा.

माझे मामा धारूर तालुक्यात शेती करतात. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी चुकत नाही, अंगकाठी सडपातळ. तीन वर्षांपूर्वी कसल्याशा तपासणीत त्यांचं एस.जी.पी.टी. ७४ आणि एस.जी.ओ.टी. ४६ आलं. त्या लॅबची वरची मर्यादा ४०. रिपोर्ट बघून कुणीतरी म्हणालं, "लिव्हर म्हणजे दारू." मीपण हसत विचारलं, "मामा, वारीत काय घेता?" ते काहीच बोलले नाहीत. पुढे दोन वर्षं त्यांनी रक्त तपासूच दिलं नाही. गेल्या वर्षी पायाची जखम भरेना म्हणून दवाखान्यात नेलं, तर उपाशीपोटी साखर १९८!

तेव्हापासून मी हे वाचायला लागले.

एस.जी.पी.टी. म्हणजेच ए.एल.टी. हे मुख्यतः लिव्हरच्या पेशीतलं एन्झाइम. ॲलानिन या अमिनो आम्लाचा अमिनो गट काढून ते दुसऱ्याला देतं. मागे पायरुव्हेट उरतं, आणि त्यापासून लिव्हर साखर बनवू शकतं. म्हणजे हा कारखान्याच्या आतला कामगार. तो रक्तात जास्त दिसला तर भिंत कुठेतरी गळतेय. कशाने, ते तो सांगत नाही. कावीळ, औषधं, दारू, नाहीतर पेशीत साठलेली चरबी.

मोजतात कसं, ते मला फार आवडलं. नमुन्यात तयार होणाऱ्या पायरुव्हेटचं लगेच लॅक्टेट करतात, त्यात एन.ए.डी.एच. खर्च होतं. एन.ए.डी.एच. ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. ते शोषण दर मिनिटाला किती उतरतं, एवढंच फोटोमीटर बघतो. म्हणजे एन्झाइम मोजतच नाहीत, त्याचा स्पीड मोजतात! आणि गंमत म्हणजे १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एस.जी.ओ.टी.ची तपासणी पुढे आणली ती हार्ट अटॅक ओळखायला, कारण ते हृदयाच्या स्नायूतही असतं.

आता मधुमेहाकडे. लिव्हरमध्ये चरबी साठली की ते इन्सुलिनचं नीट ऐकत नाही. रात्री साखर सोडणं कमी करायचं, तर ते सोडतच राहतं. सकाळची साखर चढते. तीच चरबी पेशींना त्रास देते आणि ए.एल.टी. गळतं. म्हणून हा आकडा कधी कधी साखरेच्या आधी वाढतो. स्कॉटलंडमधल्या सुमारे ६ हजार पुरुषांच्या अभ्यासात (२००४) ज्यांचं ए.एल.टी. जास्त, त्यांच्यात पुढे मधुमेह जास्त निघाला. जी.जी.टी.बद्दलही असंच दिसलंय. पण आकडा नॉर्मल आला म्हणून लिव्हरमध्ये चरबी नाही, असं मात्र नाही.

मामा तर बारीक, मग चरबी कुठली? त्याचं उत्तर पुण्यात सापडलं. के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचा बी.एम.आय. सारखाच, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो छापून आला होता. आपल्याकडचा माणूस वरून बारीक, आतून जाड.

आणि दारूचं? दारूने लिव्हर बिघडतं तेव्हा बहुधा एस.जी.ओ.टी. जास्त, पुष्कळदा दुपटीच्या वर. नुसत्या चरबीत सुरुवातीला एस.जी.पी.टी. जास्त. हा पुरावा नव्हे, पण खूण आहे, आणि मामांच्या कागदावर ती पहिल्या दिवसापासून होती. या आजाराच्या इंग्रजी नावातला 'अल्कोहोल' शब्दसुद्धा डॉक्टरांनी २०२३ मध्ये काढून टाकला.

दिवाळीत तो जुना रिपोर्ट काढून मी मामांना दोन्ही आकडे दाखवले, माफी मागितली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. म्हणाले, "हे तुझ्या मामीला पण सांग."