जावातील ऑब्जेक्ट का घडत नाही? : कारणे व उपाय

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जाहीर केली. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणाऱ्यांची तिच्याशी गाठ पडतेच. खेड्यातील शाळेतून आलेला विद्यार्थी पडद्यावरील इंग्रजी त्रुटीसंदेश पाहून बिचकतो आणि 'हे आपले काम नव्हे' असे मानून मागे सरतो. वस्तुतः तो संदेश म्हणजे नापासाचा शेरा नव्हे. चूक कोठे आहे, हे दाखवणारी ती खूण होय.

क्लास हा आराखडा आणि 'न्यू' या शब्दाने त्यावरून घडतो तो ऑब्जेक्ट. हे घडणे अडते, त्याची चार कारणे प्रामुख्याने आढळतात.

१) क्लास अ‍ॅबस्ट्रॅक्ट असणे. शेतात कोणी निव्वळ 'पीक' पेरत नाही. पेरतो तो कापूस किंवा तूर. तद्वत 'पीक' हा क्लास अ‍ॅबस्ट्रॅक्ट असेल, तर त्यापासून 'कापूस' हा क्लास विस्तारावा आणि त्याचा ऑब्जेक्ट घडवावा.

२) कन्स्ट्रक्टर न जुळणे. आपण एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर कंपायलर रिकाम्या कंसाचा एक स्वतः पुरवतो. नाव व इयत्ता मागणारा कन्स्ट्रक्टर आपण लिहिताच ही सोय संपते. अशा वेळी मागितलेली मूल्ये द्यावीत, अथवा रिकाम्या कंसाचा कन्स्ट्रक्टरही लिहावा.

३) क्लास न सापडणे. जावा लहान व मोठी इंग्रजी अक्षरे भिन्न मानते. म्हणून प्रथम स्पेलिंग, नंतर इम्पोर्टची ओळ तपासावी. कंपाइल होऊनही चालवताना क्लास सापडत नसेल, तर क्लासपाथ पाहावा.

४) केवळ घोषणा करून थांबणे. क्लासच्या फील्डची नुसती घोषणा केली, तर त्यात 'नल' राहते. त्यावर मेथड बोलावताच 'नल पॉइंटर एक्सेप्शन' येते. वापरापूर्वी 'न्यू' लिहिणे हाच येथे उपाय.

संदेश अनेक असले तरी पहिला आधी वाचावा. त्यातील फाइलचे नाव व ओळीचा क्रमांक पाहावा, एकच दुरुस्ती करावी आणि पुन्हा कंपाइल करावे. पुष्कळदा मागचे संदेश पहिल्याच चुकीची पिल्ले असतात.

जावा युनिकोड मानते. त्यामुळे 'पीक' हे देवनागरी नावही क्लासला चालते. हे दोन क्लास स्वतः लिहून वरील चारही चुका मुद्दाम कराव्यात व प्रत्येक संदेश वहीत उतरवावा. ओळखीच्या संदेशाची परीक्षेत भीती उरत नाही.