पाणी गाळण्याच्या फिल्टरची निगा

सह्याद्रीत उगम पावणारी वेदगंगा निपाणी परिसरातून वाहत जाऊन दूधगंगेस मिळते व दूधगंगा पुढे कृष्णेस मिळते. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये बेळगाव जिल्ह्याच्या नदीकाठास महापुराचा तडाखा बसला. पुराचे पाणी विहिरीत शिरले म्हणजे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न बिकट होतो. अशा वेळी विजेविना चालणारा व सहज हलविता येणारा दोन भांड्यांचा फिल्टर उपयुक्त ठरतो. मात्र त्याची निगा राखली पाहिजे.

वरच्या भांड्यातील पाणी स्वतःच्या भाराने कँडलच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपून खालच्या भांड्यात उतरते. गाळ व बहुतेक जिवाणू कँडलच्या बाहेर अडकतात. गाळाचा थर वाढला की धार मंदावते. त्या वेळी पुढीलप्रमाणे स्वच्छता करावी :

१. हात स्वच्छ धुऊन कँडल काढावी.

२. मऊ ब्रशने, स्वच्छ पाण्याखाली, हलक्या हाताने थर घासून काढावा. साबण वापरू नये. तो छिद्रांत मुरतो.

३. खालचे भांडे व तोटी धुऊन घ्यावी. गाळलेले पाणी येथेच साठत असल्याने ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे.

४. कँडल बसविताना वॉशर व चकती घट्ट बसल्याची खात्री करावी. पहिल्यांदा गाळलेले पाणी पिऊ नये.

गढूळ पाणी प्रथम तुरटी फिरवून निवळू द्यावे. त्यामुळे कँडल लवकर तुंबत नाही. फिल्टर दुसरीकडे न्यावयाचा असल्यास कँडल काढून, वाळवून, स्वच्छ कापडात गुंडाळावी.

धार एकाएकी वाढली तर समाधान मानू नये. कँडलला बारीक तडा गेल्याचे किंवा वॉशर सैल झाल्याचे ते लक्षण असू शकते. तडा गेलेली कँडल त्वरित बदलावी. अशा तड्यातून न गाळलेले पाणी थेट खाली उतरते.

कावीळ व इतर काही रोगांचे विषाणू छिद्रांपेक्षाही सूक्ष्म असतात. म्हणून पूरकाळात गाळलेले पाणी खळखळून उकळावे, अथवा त्यात वेष्टनावरील प्रमाणात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्धोक झाले, असे नव्हे.

शाळेत किंवा पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात फिल्टर असल्यास त्याच्या स्वच्छतेची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवावी व स्वच्छतेची तारीख नोंदवहीत लिहावी. शिक्षकांनी ही कृती विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष करून दाखविल्यास ती घरोघरी पोहोचेल.